तिनं त्याला डोक्यावर बसवलं

मी हॅलोताईच्या टेबलावरचा फोन बोलतोय. बोलतोय म्हणजे आपलं म्हणायचं. माझी वायर काढून महिना होत आला.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या या कारखान्यात मी लागलो तेव्हाचा माझा थाट विचारू नका. बाहेरच्या लाइनी दोनच, आणि दोन्ही माझ्यातून जायच्या. चष्म्याच्या दुकानदाराचा फोन आला की ताई रिसीव्हर मानेत धरायची आणि बटण दाबून कधी आत कारागिरांना, कधी पॅकिंगला जोडून द्यायची. दिवसभर हॅलो हॅलो करते म्हणून ती हॅलोताई. तिच्या गालाची पावडर माझ्या रिसीव्हरला लागलेली असायची. मला वाटायचं, हिचं माझ्यावाचून पान हलत नाही.

मग मालकांच्या जावयानं डोकं चालवलं. "आता सगळं इंटरनेटवरून. फोन, मेसेज, मीटिंग, सगळं एकाच ठिकाणी. लाइन अडकायची भानगडच नाही."

टेबलावर स्क्रीन आली आणि तिच्याबरोबर कानांवर चढवायचं एक काळं टोपडं आलं. दिसायला काडीपैलवान, पण ताईनं त्याला अक्षरशः डोक्यावर बसवलं. मला खिडकीपाशी सरकवलं आणि माझ्यावर पाण्याची बाटली ठेवली. आता ही मला साफ विसरणार, या धास्तीनं माझा नुसता जळफळाट झाला. का होऊ नये?

खरी आग लागली ती पुढे. नव्या व्यवस्थेत आलेला फोन आधी यंत्रच उचलतं, आणि त्यात आवाज भरायला जावयानं ताईलाच बसवलं. काय लाडानं बोलली ती. "नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा, आम्ही आपल्याशी नक्की बोलू." माझ्या वाट्याला जन्मभर "हां, बोला, थांबा, जोडते", आणि या कालच्या पोराला नमस्कार आणि कृपया. मनात म्हटलं, बंद पडो एकदाचं याचं इंटरनेट. ते काही पडलं नाही.

एक दिवस स्क्रीनकडे बघत ताई पुटपुटली, "हा तर घरचा नंबर. रोज येतोय, आणि मी घ्यायच्या आत बंद होतोय." घरी तिची म्हातारी आई एकटीच. ताईनं घाबरून लगेच फोन लावला. टोपडं चार्जिंगला होतं, म्हणून बोलणं स्पीकरवर. मला सगळं ऐकू आलं.

"आई, बरी आहेस ना? रोज फोन करून ठेवून का देतेस?"

"मला काय धाड भरलीय? तुझी ती टेप ऐकते आणि ठेवते."

"अगं, ती गिऱ्हाइकांसाठी आहे."

"ठाऊक आहे मला. पण आवाज तुझाच ना? तुमचा फोन महत्त्वाचा आहे म्हणतेस, बरं वाटतं. आधी मी फोन केला की तुझं आपलं एकच, आई, लाइन अडकते, ठेव."

ताईनं नाकाला पदर लावला, मग खुर्ची पुढे ओढली.

"आता नाही अडकत. आई, बोल."

आई बोलली. गुडघा, गळका नळ, शेजारणीचं मांजर, काही म्हणून सोडलं नाही. आता जेवणाच्या सुट्टीत ताई टोपडं चढवते आणि माय-लेकी हसत बसतात. मी इकडे बाटलीखाली बसून ऐकतो.

खोटं कशाला बोलू, त्या टोपड्याचा मला अजून हेवा वाटतो. ताईनं "ठेव" म्हटलं की पलीकडून आई हळूच "बरं" म्हणायची. ते "बरं" फक्त मी ऐकलंय, कारण तोवर ताईनं मला कानापासून दूर केलेलं असायचं.

उद्या भंगारवाला येणार आहे. नेऊ दे. त्याआधी ताईनं एकदा बाटली बाजूला करून मला उचलावं. वायर नाही, पलीकडे कोणी नसणार, माहीत आहे. तरी तिनं कानाला लावावं आणि म्हणावं, "आई, बोल." एकदा तरी ते माझ्यातून जाऊ दे.