बारावी वस्तू

ताटात अकरा वस्तू होत्या आणि कागदावर बारा. मी दोनदा मोजल्या. मग अभिरामला मोजायला सांगितलं, कारण एकच माणूस दोनदा मोजतो तेव्हा तीच चूक दोनदा करू शकतो. त्याच्याही अकराच भरल्या.

पलंगावर अबोली वहिनीच्या मांडीवर होती. सतरा महिन्यांची. दहा मिनिटांपूर्वी तिला जोराचा ठसका लागला होता, थोडं दूध बाहेर आलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडातून सारखी लाळ गळत होती. श्वास ठीक होता. मी तिच्या छातीला कान लावून ऐकला. रडण्याचा आवाजही मोकळा होता. पण पाण्याचा चमचा ओठांजवळ नेला की ती मान फिरवत होती.

तीन पस्तीस झाले होते.

अभिरामच्या शाळेतून दर शनिवारी ‘घर का प्रयोग’ नावाचा एक कागद येतो. दुसरीच्या मुलांनी रविवारी घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करून बघायचं, लिहायचं आणि सोमवारी पालकांच्या सहीने परत न्यायचं. या आठवड्यात चुंबक होता. कोणत्या बारा वस्तू त्याला चिकटतात, कोणत्या नाही. आमच्या कॉलनीत हा कागद बहुतेक घरांत आयाच भरतात, मुलं वर नाव तेवढं घालतात. मला ते पटत नाही. एम.एस्सी. झाल्यापासून मी दादावहिनीकडे राहून पुढच्या परीक्षेचा अभ्यास करते आहे, आणि रविवारचा प्रयोग घरात माझ्याकडे आहे. शाळेच्या रकान्यांपुढे मी माझे तीन रकाने आखून देते: कागदाखाली वस्तू ठेवून पेन्सिलीने घासून काढलेली तिची छाप, वेळ, आणि वस्तू ताटात परत ठेवली की एक खूण. जे बघितलं तेच लिहायचं, हा एकच नियम. वस्तू मात्र त्याने स्वतः घरभर हिंडून शोधायच्या. मी ताटात चुंबक आणि सुरुवातीला म्हणून एक रुपयाची दोन नवी नाणी ठेवली आणि धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेले. ठसक्याचा आवाज ऐकून खाली धावले.

वहिनी आता एका हाताने अबोलीला थोपटत दुसऱ्या हातात तो कागद धरून ओळीनं वाचत होती आणि मी ताटातल्या वस्तू बाजूला काढत होते. चमचा, किल्ली, बांगडी, खोडरबर, डब्याचं झाकण, कंगवा, अशा नऊ. शेवटी कागदावर तीन ओळी उरल्या. तिन्हींवर ‘एक रुपये का सिक्का’ लिहिलं होतं. ताटात नाणी दोन होती.

“नाणं गिळलंय,” वहिनी म्हणाली, आणि तिचे खांदे जरा सैल झाले.

ते मला समजत होतं. आमच्या घरात नाणं गिळण्याची गोष्ट हसून सांगितली जाते. दादा चार वर्षांचा असताना त्यानं चार आणे गिळले होते. आईनं तीन दिवस त्याला केळी चारली, चौथ्या दिवशी चार आणे बाहेर. वहिनीनं फोन लावला तेव्हा दादा पोलोग्राउंडच्या कारखान्यात होता. रविवारीच मशीन बंद असतात म्हणून दुरुस्ती रविवारी निघते. मागे खडखडाट चालू होता. त्यानं तीच गोष्ट पुन्हा सांगितली, श्वास ठीक आहे ना एवढं दोनदा विचारलं, आणि टेन्शन नका घेऊ, सकाळी डॉक्टरला दाखवू म्हणाला.

तोवर अबोलीचं रडणं ऐकून शेजारच्या सुहासिनीकाकू आल्या होत्या. पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कोणत्याही घरात शिरल्या की त्यांचा वर्गच सुरू होतो. नाणं ऐकल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि केळं सोलतच बाहेर आल्या.

“अगं, नाणं गिळलेली पोरं मी पन्नास बघितली असतील,” त्या वाटीत केळं कुस्करत वहिनीला म्हणाल्या. “टकसाळीचा पक्का माल आहे तो. जसा गेला तसाच येईल. तू रडू नकोस बिलकुल, अंबिका.”

मला एकच गोष्ट अडत होती. मी ताटात दोन नाणी ठेवली होती. तिसरं कुठून आलं?

मी अभिरामला विचारलं. त्यानं माझ्याकडे न बघता आईकडे बघितलं. मी पुन्हा विचारलं, तू घरात कुठे शोधलंस ते सांग. तो म्हणाला, मला नाही माहीत. अभिराम खोटं बोलतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. खरं बोलतो तेव्हा फार तपशील देतो.

मी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा नीट बघितला. खोडरबराचा एक डाग नव्हता. अक्षरं लहान मुलासारखी गोल होती, पण प्रत्येक ओळ रेघेला चिकटून. तीन नाण्यांपुढे तीन गोल होते, तिन्ही सारखे, एकाच नाण्याभोवती पेन्सिल फिरवल्यासारखे. आत छाप नव्हती. आणि माझे तीन रकाने नव्हते.

“वहिनी, हा कागद कोणी लिहिला?”

ती काकूंकडे बघून म्हणाली, “आत्ता त्याचं काय आहे?”

“सांग ना.”

“मी फेअर केला. मागच्या वेळी बाईंनी लाल शाईनं ‘साफ-सुथरा लिखें’ लिहिलं होतं, आठवतंय? सगळ्या आया करतात. आणि तुला कळलं असतं तर तू पुन्हा भाषण दिलं असतंस.”

“कच्चा कागद कुठे आहे?”

“सुक्या कचऱ्यात.”

मी डबा जमिनीवर उलटा केला. कागदाचे चार तुकडे झाले होते. दुधाच्या पिशव्यांमधून ते शोधून काढले, फरशीवर जुळवले. अभिराम माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि न सांगता शेवटची ओळ बोटानं दाखवली. त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सिक्का प्लस वाला’. पुढे छाप: एक गोल, आत बेरजेचं ठळक चिन्ह, खाली घासून उमटलेली बारीक इंग्रजी अक्षरं. वेळ, दोन पन्नास. परत ठेवल्याची खूण वरच्या अकरा ओळींत होती. बाराव्या ओळीत नव्हती.

“आईनं लिहायला टेबलावर बोलावलं,” तो हळूच म्हणाला. “म्हणून ते खालीच राहिलं. आई म्हणाली, असं नाणं नसतं. पण ते खिडकीत होतं. तुझ्या कुंडीमागे.”

मला पुढचं काही विचारायची गरज नव्हती. शुक्रवारी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल बदलला होता. घरात सेल, ट्यूब आणि जुन्या औषधांचा वेगळा डबा आहे. सकाळच्या कचऱ्याच्या गाडीत तो वेगळा रिकामा होतो. जुना सेल त्यात टाकायचा सोडून मी तो व्होल्ट मोजायच्या मीटरला लावून बघितला. अजून दोन पूर्णांक आठ दशांश व्होल्ट दाखवत होता. मला गंमत वाटली. एखादा छोटा दिवा पेटवून बघू म्हणून मी तो कुंडीमागे ठेवला आणि विसरले.

तो चपटा सेल आणि एक रुपयाचं नवं नाणं, दोन्ही वीस मिलिमीटरचे. वजन दोन्हींचं तीन ग्रॅमच्या आसपास. चुंबक दोन्हींना ओढतो. अभिरामनं बघितलं त्यात काही चुकलं नव्हतं. फरक एवढाच, की नाणं घशात अडकलं तर नुसतं अडकून राहतं. सेलच्या दोन्ही बाजूंना ओलं मांस लागलं की विजेचा रस्ता पुरा होतो आणि ते मांस जळायला लागतं. काटा चालवायला न पुरणारा सेलही त्याला पुरतो.

“काकू, केळं नको,” मी म्हणाले. “नाणं नाहीये. सेल आहे. मी खिडकीत ठेवला होता.”

काकूंचा चमचा हवेतच थांबला. वहिनीनं अबोलीला उचलून छातीशी धरलं.

“किती वेळ आहे?” तिनं विचारलं.

“दोन तासांत जखम खोल जाते. ठसका तीन पंचवीसला लागला.”

मी तुकोगंजमधल्या एका दवाखान्याच्या इमर्जन्सीला फोन लावला. तिथल्या डॉक्टरनं वय विचारलं, श्वास विचारला, आणि भराभर सांगितलं: उलटी करवू नका, केळं, दूध, काही देऊ नका, घरात मध असेल आणि गिळत असेल तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे देत या, पण मध शोधण्यात वेळ घालवू नका, निघा. फोन ठेवून मी वळले तर काकू खोलीत नव्हत्या. वाटी टेबलावर होती. खाली त्यांच्या जुन्या गाडीचा हॉर्न वाजला.

काकू शिकवत होत्या तशाच गाडी चालवत होत्या, कोणालाही मध्ये बोलू न देता. खिडकीची काच खाली करून त्या पुढच्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, “भिया, बच्ची है गाडी में, सरक थोडा,” आणि तो सरकला. मागे वहिनीच्या मांडीवर अबोली, शेजारी मी मधाची बाटली घेऊन. पहिले दोन चमचे अर्धे माझ्या कुर्त्यावर सांडले. पुढच्या सीटवरून अभिराम घड्याळाकडे बघत होता. ते काम मी त्याला दिलं होतं. कागदाचे चार तुकडे त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरले होते.

“आत्या, दहा झाली.”

दुसऱ्या वेळी अबोलीनं एक घोट घेतला आणि किंचाळली. तिला गिळताना दुखत होतं. मला ती जागा कुठे असेल हे कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

रीगलच्या सिग्नलला गाडी थांबली. एकशे दहा सेकंद. अभिरामनं मागे न वळता विचारलं, “मी ती खूण केली असती तर?”

“वस्तू ताटात नसताना?”

“हं.”

“मग आपण अजून घरी केळं चारत बसलो असतो,” मी म्हणाले. काकूंनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर.

चार सोळाला पोचलो. ड्यूटीवरच्या डॉक्टर वहिनीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी अबोलीला घेतानाच विचारलं, वस्तू शेवटची हातात कधी होती, नक्की? अशा वेळी लोक ‘दुपारी’ म्हणतात. मी पिशवीतला तुकडा काढून दिला. त्यांनी छाप बघितली, शेजारची वेळ वाचली, एकदा अभिरामकडे बघितलं आणि तुकडा खिशात घालून आत गेल्या.

एक्स-रे पडद्यावर आला. गळ्याच्या खाली, छातीच्या सुरुवातीला, एक पांढरा गोल. त्याच्या कडेच्या आत दुसरी कड. नाण्याला अशी दुहेरी कड नसते. डॉक्टर म्हणाल्या, सेलच आहे, भूल देऊन दुर्बिणीनं काढतो आहोत, सही करा. वहिनीनं सही केली. तिचं अक्षर फेअर कागदावर होतं तसं नव्हतं.

मग बाहेरचा बाक. काकू अभिरामला घेऊन पाणी आणायला गेल्या. चार बेचाळीस ते पाच वीस मी आणि वहिनी तिथे बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

“मला वाटलं, सात वर्षांचं पोरगं आहे,” ती म्हणाली. “नाण्यालाच काहीतरी म्हणत असेल. मी बघायलासुद्धा वाकले नाही.”

“तो सेल मी डब्यात टाकायला हवा होता.”

“हो,” ती म्हणाली. “हवा होता.”

ते मी ऐकून घेतलं. त्यात कमी करण्यासारखं काही नव्हतं.

दादाचा फोन आला. कारखान्याचा आवाज आता नव्हता, तो रस्त्यावर असावा. सेलचं त्याला कुणीच कळवलं नव्हतं. त्याचा आवाज मला बाकावरूनही ऐकू येत होता. केळी चारली का, काही निघालं का, असं तो हसत विचारत होता.

“नाणं नव्हतंच,” वहिनी म्हणाली. “नाणं मी लिहिलं होतं. आम्ही तुकोगंजला दवाखान्यात आहोत, ती आत आहे. तू ये. बाकीचं स्पृहा सांगेल.” आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. खिडकी, कुंडी, मीटर, सगळं, क्रमानं. शेवटी तो फक्त येतो म्हणाला.

पाच वीसला दार उघडलं. डॉक्टरच्या हातात झाकणाची छोटी डबी होती. आत सेल, एका बाजूनं काळा पडलेला. त्या म्हणाल्या, अन्ननलिकेच्या भिंतीवर भाजल्याची जखम आहे, नखाएवढी, पण आरपार गेलेली नाही. दोन दिवस नळीनं दूध. मग पुन्हा दुर्बीण. पुढच्या काही आठवड्यांत ती जागा आकसू शकते, तेव्हा लक्ष ठेवावं लागेल. आज एवढंच सांगता येईल. मग त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढून अभिरामला परत दिला.

काकू तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

अभिरामनं डबी हातात घेऊन काचेसारख्या प्लास्टिकमधून सेल सगळ्या बाजूंनी बघितला. काळी बाजू कोणती, प्लस कोणत्या बाजूला, ते बघितलं. मग तो तुकडा मांडीवर सरळ केला आणि खिशातून पेन्सिल काढली. बाराव्या ओळीतली रिकामी जागा अजून तशीच होती. त्यानं मला नाही, आईला विचारलं.

“आता खूण करू?”

वहिनी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

“थांब,” ती म्हणाली. “आधी तिला बघून येऊ. मग तू जे बघशील ते लिही. उद्या हाच कागद शाळेत ने.”

त्यानं पेन्सिल कानावर अडकवली, चारही तुकडे मोजून पिशवीत ठेवले, आणि आम्ही आत गेलो.