गारपेटीच्या खोलीतली शेगडी

मित्रांनो, लोकांकडे पाठ करून बसणाऱ्याला तुम्ही शिष्ट म्हणता. पण माझी घडणच तशी आहे. तोंड खोलीत, पाठ बोळात आणि कंबर भिंतीत, अशा अवस्थेत माझं निम्मं आयुष्य गेलं. मी एअर कंडिशनर आहे, आणि आता पार जुना झालो आहे. सध्या बेळगावच्या शहापुरात, बायाक्कांच्या परसात पेरूखाली पडून असतो. माझ्या डोक्यावर एक तांबडी कोंबडी बसते. हसलात तरी चालेल, मला त्याची सवय आहे. पण एका दुपारची आठवण आली की अजूनही माझ्या गंजक्या पत्र्याला कापरं भरतं. ती दुपार तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पोटात नळ्यांची वेटोळी, पाठीशी पंखा, छातीत धडधडणारा कंप्रेसर आणि तोंडाला पांढऱ्या पट्ट्या. गवतात गुंडाळून मला रेल्वेत घातलं. लोंढ्याला गाडी बदलताना एका हमालानं मला असं आपटलं, की माझ्या आवाजात तेव्हा जी घरघर आली ती शेवटपर्यंत गेली नाही.

कॅम्पातल्या एका लष्करी साहेबांच्या बंगल्यात माझी जावयासारखी बडदास्त होती. माळी माझी जाळी धुऊन उन्हात वाळवायचा. आलेले पाहुणे माझ्यासमोर उभे राहून गळ्याचं बटण सोडायचे आणि वाहवा करायचे. पण फौजेतल्या माणसाचं बूड एका जागी थोडंच टिकतं? साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेले साहेब उघड्या खिडकीत झोपणारे निघाले. बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, इथे हे धूड कशाला, असं म्हणून त्यांनी मला भिंतीतून उपटलं. मग गोदामात मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत मी कित्येक पावसाळे काढले. माझ्या पंख्यात कोळ्यांनी संसार थाटले. शेवटी लिलाव झाला आणि एक माणूस मला अगदी हौसेनं घेऊन गेला.

तो माणूस म्हणजे तम्मण्णा. शहापुरात त्याच्या घरातच माग होते, साड्या विणायचे. पूर्वी कधीतरी बंगल्यावर साड्या दाखवायला आला असताना तो घटकाभर माझ्या वाऱ्याला उभा राहिला होता, तेव्हापासून मी त्याच्या मनात बसलो होतो. त्याच्या आई बायाक्का मला बघून कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आरं तम्मण्णा, बेळगावात थंडी इकत आणलास व्हय?"

गल्लीतल्या पोरांनी माझं नाव गारपेटी ठेवलं. मी चांगला बाप्यामाणूस, पण शहापुरात माझी बाई झाली. असू दे. तम्मण्णानं मधल्या खोलीच्या भिंतीला भोक पाडून मला बसवलं. कौलांतून गारवा उडून जाऊ नये म्हणून खाली फळ्यांचं छत ठोकलं. वरच्या झरोक्यात मागावरचं तुटकं सूत गच्च कोंबलं. दाराच्या फटीला चिंध्या लावल्या. माझ्या कडेला बाहेरच्या हवेसाठी एक चिमुकली झडप असते, तीही गारवा जातो म्हणून पहिल्याच दिवशी बंद केली. आता मुंगीलासुद्धा आत यायचं तर दार ठोठावावं लागलं असतं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सगळी गल्ली असं समजत होती, की ज्याअर्थी माझी पाठ बाहेर आहे त्याअर्थी मी बाहेरची ताजी हवा ओढतो, गार करतो आणि आत सोडतो. आणि मित्रांनो, मीसुद्धा तसंच समजत होतो! कारखान्यात मला सगळं बसवलं, पण तू नेमकं काय करतोस हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी चैत्रात तम्मण्णाची धाकटी बहीण इंदुताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आणि घरात मायलेकांचं वाजलं. बायाक्कांचं म्हणणं, बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी हवीच, शेक-धुरी नाही मिळाली तर बाई जन्मभर कंबर धरून बसते. तम्मण्णाचं म्हणणं, एवढ्या उकाड्यात शेगडी लावली तर माझी बहीण उकडून निघेल, तिला गारपेटीच्या खोलीत ठेवा. दोघंही मायेपोटीच बोलत होती, म्हणून दोघंही हटेनात. मग शेजारच्या तानुबाईनं तोड काढली. इंदुताईला गारपेटीच्या खोलीत ठेवायचं आणि बाजेखाली शेगडीही पेटवायची.

सगळ्यांना हे पटलं. गल्लीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. वरून गार, खालून गरम, असलं सुख राणीलाही मिळालं नसेल, असं म्हणून गेल्या. मी तर फुगून टम्म झालो होतो.

इंदुताईचं डोकं मात्र दुखू लागलं. बायाक्कांनी मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढली. मग मळमळ सुरू झाली, तर तो बाळंतपणाचा अशक्तपणा ठरला. बाळ तेवढं शांत होतं. सारखं झोपलेलं. भूक लागली तरी कुरकुरत नसे. बायाक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "लई गुणाचं बाळ हाय. रडत म्हणून न्हाय."

त्या कौतुकात मी माझाही वाटा धरत होतो. माझ्या गारव्यानंच बाळाला अशी गाढ झोप लागते, अशी माझी खात्री होती.

अशात तम्मण्णाच्या मनात आलं, घरावर मजला चढवावा आणि वर आणखी माग टाकावेत. शहापुरात असलं काही करायचं तर लोक गवंड्याला विचारत, तो "चढवू की" म्हणे आणि विषय संपे. तम्मण्णानं मात्र घरं तपासून देणाऱ्या इंजिनिअरला बोलावलं. त्यांचं नाव परशराम कोलकार. त्यांचे वडील भरमू लोंढ्याला हमाल होते. हे ऐकल्याबरोबर माझ्या मनात आलं, मला आपटणारा तोच तर नसेल? पण मुलगा शिकून साहेब झाला होता, आणि माणूस मोठा गमतीचा होता. खिशात एक काचेची गोटी ठेवायचा. जमिनीवर ती सोडायची आणि कुठे घरंगळते ते बघून घराचा कल सांगायचा.

साहेब येणार त्या दुपारी तम्मण्णाला माझी ऐट दाखवायची होती. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव, म्हणून त्यानं बाहेरूनच आईला सांगितलं, की गारपेटी पुरी सोड, शेगडीत कोळसे भर आणि साहेब जाईपर्यंत दार उघडू नकोस, गारवा कमी होईल. बायाक्कांनी तसं केलं, दार ओढून घेतलं आणि चहा टाकायला गेल्या.

साहेबांनी घर पाहिलं. भिंतींवर बोटांची पेरं वाजवली. मग बोळातल्या कट्ट्यावर, अगदी माझ्या पाठीखाली, ते चहा घेत बसले आणि गप्पा रंगल्या. दिवसभर दुसऱ्याची घरं ठाकठीक करायची आणि संध्याकाळी स्वतःच्या गळक्या कौलाखाली जाऊन बसायचं, असं आपलं काम, हे ते हसून सांगत होते. लोक भिंतीचा तडा दाखवतात. पण चूल कुठे, धूर कुठून जातो, झोपताना कोणतं दार लावता, असं विचारलं की त्यांना वाटतं साहेब नसत्या चौकशा करतोय. माझ्याकडे बघूनही ते बरंच बोलले. जाळी धुवावी, पेटी बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवावी म्हणजे पाणी भिंतीत मुरत नाही, वीज जाऊन आली तर लगेच सुरू न करता जरा दम धरावा. इतक्या आपुलकीनं माझ्याबद्दल कॅम्पातसुद्धा कुणी बोललं नव्हतं. मी कान देऊन ऐकत होतो.

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या वर गेली.

"अण्णा, त्या झरोक्यात काय कोंबलंय?"

"सूत. गारवा जातोय न्हवं."

"आत कोण आसतंय?"

"भण हाय. बाळंतीण." तम्मण्णाचा स्वर अभिमानाचा होता. "खाली शेगडी, वर गारपेटी. आईचं बी ऱ्हायलं, माझं बी ऱ्हायलं."

साहेबांचा कप ओठाशीच थांबला. "कोळशाची शेगडी? आन् हवा?"

"हवा ही पेटी आणती की भाईरनं. पाठ भाईर हाय तिची."

साहेब उठले. चहा कट्ट्यावर सांडला. "अण्णा, ही पेटी भाईरनं हवा आणत न्हाय. आत हाय तीच गार करून परत फिरवती. कोळशाचा इखार बी तीच फिरवत बसलीया."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या पाठीमागे बोललं गेलं आणि माझ्या तोंडासमोर इंदुताई होती. तिचा हात बाजेवरून खाली लोंबत होता. तो मी मघापासून बघत होतो. मला वाटलं होतं, छान झोप लागली आहे! बाळाचं तोंड किंचित उघडं होतं. आणि माझ्या पट्ट्यांतून गार वारा त्या दोघांच्या अंगावर जातच होता. मला थांबायचं होतं. पण माझं बटण माझ्या हातात कधीच नव्हतं. ओरडावं म्हटलं, तर घरघरीशिवाय मला आवाज नाही. त्या क्षणी मला जो धक्का बसला, तसा लोंढ्याच्या फलाटावरही बसला नव्हता.

दोघं धावत दाराशी आले. बायाक्का आडव्या उभ्या राहिल्या. सुवेर फिटलेलं नाही, गडीमाणसानं आत यायचं नाही, असं त्या म्हणाल्या. भरमूच्या मुलाला अडवायला त्यांच्याकडे आणखीही एक कारण होतं, जातीचं. ते त्या बोलल्या नाहीत, पण घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही.

साहेब उंबऱ्याबाहेर थांबले. "आक्का, मी आत येत न्हाय. शेगडी भाईर काढा, लेकीला आन् नातवाला अंगणात आणा. आदी एवढं करा. मग मला काय बोलायचं ते बोला."

बायाक्कांनी दार उघडलं. "इंदे," त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. खांद्याला धरून हलवलं, तर मान एका बाजूला कलली. बायाक्कांनी बाळाला उचलून छातीशी धरलं. ते रडलं नाही. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मग त्या उंबऱ्याकडे वळल्या.

"परशराम, आत ये रं बाबा. माझी लेक उचल."

साहेब आत आले. एका बाजूनं त्यांनी आणि दुसऱ्या बाजूनं तम्मण्णानं धरून इंदुताईसकट बाज अंगणात नेली. साहेबांनी परत येऊन धगधगती शेगडी परसात फेकली आणि झरोक्यातलं सूत उपसून काढलं. कितीतरी सूत निघालं. दार सताड उघडं पडलं. मला बंद करायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. रिकाम्या खोलीत मी एकटाच वारा घालत राहिलो आणि दारातून अंगणाकडे बघत राहिलो.

माग थांबले होते. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तानुबाई इंदुताईच्या तोंडावर पाण्याचा हात फिरवत होती. इंदुताईला एकदम उमासा आला, ती ओकली आणि तिनं डोळे उघडले. बाळ मात्र तसंच. साहेब गुडघे टेकून बसले आणि बाळाचे तळवे बोटांनी चोळू लागले. मग मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला. मग मोठा. मग त्या बाळानं असा टाहो फोडला, की बोळातून लोक धावत आले.

बायाक्का तिथेच मातीत बसल्या आणि बाळाबरोबर स्वतःही रडल्या.

दोघांना टांग्यातून दवाखान्यात नेलं. काही दिवस तिथे राहून मायलेकरं सुखरूप घरी आली. मग तम्मण्णानं मला भिंतीतून काढलं. रागानं नव्हे, अगदी सांभाळून काढलं, कारण कोळशाचा दोष माझ्या माथी मारू नका असं साहेबांनीच त्याला बजावलं होतं. माझ्या जागी खिडकी झाली. मजल्याला साहेबांनी होकार दिला तो एका अटीवर, प्रत्येक खोलीला हवा यायला एक वाट आणि जायला एक वाट हवी. बारशाला बायाक्कांनी त्यांना त्याच खोलीत पाटावर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. एक-दोन बायकांच्या भुवया चढल्या. बायाक्कांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या उतरल्या.

मित्रांनो, माझ्या भाऊबंदांना घरी आणाल तर त्यांची जाळी धूत जा, त्यांना कलतं बसवा, पावसात टाकून देऊ नका. पण त्याआधी एक विचारा, की हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही. आणि घरात निखारा असेल तिथे झरोका बुजवू नका. मला माझंच काम माहीत नव्हतं. तुम्हाला ते माहीत असू द्या.

इंदुताई अजूनही सुट्टीला माहेरी येते. तिचा मुलगा आता परसभर धावतो, माझ्यावरच्या कोंबडीला हुसकावतो, पडतो आणि भोकाड पसरतो. परवा तानुबाई त्याला गप्प करायला उठली, तर बायाक्कांनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"रडू दे गं," त्या म्हणाल्या. "रडतंय म्हणून तर गुणाचं हाय."