जहाजाच्या अलीकडे राहिलेली हळद

मित्रांनो, शर्टाचे बटण लावणारी सुई तुमच्या घरी असेलच. मी तिचा थोरला, जाडजूड भाऊ. मला दाभण म्हणतात. पोत्यांची तोंडे सुतळीने शिवणे हे माझे काम. आता अंगावर गंज चढला आहे आणि मी दाराच्या चौकटीत टोचलेला असतो. पण खरे सांगू का, मला गंजाची लाज वाटत नाही. लाज वाटते ती माझ्या सुबक टाक्यांची.

जवळा बाजारच्या एका लोहाराने मला लोखंडी सळईतून ठोकून ठोकून घडवले, टोक चपटे केले आणि मागे नेढे पाडले. आठवडी बाजारात अनुसयाबाईंनी मला पसंत केले. त्या औंढा तालुक्यातल्या एका तांड्यावर राहत. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. आता घरी शेती होती आणि शेतात हळद. अनुसयाबाईंनी शिवलेले पोते ट्रकमधून आपटले तरी त्यातला दाणा सांडत नसे. पोती शिवायची असली की तांड्यातल्या बायका त्यांनाच हाक मारत. त्या दिवसांत मी मोठ्या ऐटीत होतो.

त्यांचा मुलगा प्रेमदास कॉलेज शिकून आला आणि हळदीचा व्यापार करू लागला. १९९८ साली दुबईच्या एका व्यापाऱ्याने त्याला पहिली ऑर्डर दिली. त्या दिवशी ओट्यावर बसून तो आईला व्यवहार समजावून सांगत होता. तांड्यात आईला याडी म्हणतात.

"हे बघ याडी, जहाजावर माल चढंपर्यंत समदं आपल्याकडं. ट्रकचं भाडं, बंदरातली हमाली, सरकारी कागद, सगळं आपलं. एकदा चढला की पुढचं भाडं, विमा, भिजलं-बुडालं, ते त्याचं."

"म्हणजे अर्ध्या वाटंवर लेक दुसऱ्याच्या हाती दिल्यावानी," अनुसयाबाई म्हणाल्या.

"व्हय, तसंच."

अशा अटी नाना प्रकारच्या असतात, मित्रांनो. कधी घेणारा गोदामाच्या दारातूनच माल उचलतो, तर कधी विकणारा भाडे आणि विमा भरून त्याच्या देशातल्या बंदरापर्यंत पोचवतो. खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची, ते आधीच ठरवून ठेवायचे, म्हणजे मागाहून वाद होत नाही. प्रेमदासने सगळे नीट ठरवले होते.

तो ट्रक ठरवायला वारंगा फाट्याला गेला, त्याच दिवशी पोती शिवायची होती. अनुसयाबाईंनी ओटीत घरची ज्वारी घेतली. त्यांच्या सासूची एक रीत होती. माल परमुलखाला निघाला की प्रत्येक गोणीत घरच्या दाण्याची मूठ टाकायची, म्हणजे तिकडे तो उपरा ठरत नाही. त्यांनी प्रत्येक पोत्यात मायेने एकेक मूठ सोडली आणि मी वरून घट्ट टाके घातले. एक दाणासुद्धा बाहेर डोकावला नाही.

वाटेत एखादे पोते उसवले तर हाताशी असावा, म्हणून प्रेमदासने मला बरोबर घेतले. त्यामुळे मला मुंबईचे बंदर पाहायला मिळाले. आमचे जहाज समोरच उभे होते. घेणाऱ्याच्या माणसाने पोत्यांची शिवण पाहून कौतुकाने मान डोलावली. मग त्याने एक पोते उसवून ओतले. हळकुंडांबरोबर ज्वारी घरंगळली. दुसरे ओतले, त्यातही ज्वारी.

"हळदीत दुसरं धान्य चालणार नाही, असं करारात आहे," तो म्हणाला. "हा माल आम्ही चढवून घेणार नाही. तो अजून जहाजाच्या अलीकडे आहे. इथवरचा खर्च तुमचा आणि परत न्यायचाही तुमचाच."

ज्वारी कोणी टाकली, हे प्रेमदासच्या लगेच ध्यानात आले. खाली बसून त्याने मला हातात घेतले आणि उसवलेली पोती शिवायला लागला. हमाल बघत होते. त्याची मान वर होत नव्हती आणि त्याच्या बोटांत मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझे टाके जरा सैल असते, तर चार दाणे घरीच सांडले असते आणि त्याला वेळीच कळले असते.

ती हळद हिंगोलीच्या बाजारात पडत्या भावाने गेली. घरी आल्यावर अनुसयाबाईंनी विचारले, "पोचली का रे आपली हळद?"

"पोचली," प्रेमदास म्हणाला. आईच्या तोंडावरचा आनंद त्याला मोडवला नाही.

पण पुढच्या हंगामात त्याने पोती शिवायचे मशीन आणले आणि मला चौकटीत टोचून ठेवले. "तू बस निवांत, याडी," एवढेच म्हणाला. अनुसयाबाई कारण शोधत राहिल्या. मला काढून सुतळी ओवून बघायच्या, आपलीच बोटे निरखायच्या. शेजारच्या धुरपताबाई पोती शिवायला बोलवायला आल्या, तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "माझा हात बिघडला, बाई. पोरगं सुदिक शिवू देईना." हळूहळू तांड्यातली बोलावणी बंद झाली.

अशी बरीच वर्षे गेल्यावर प्रेमदासला पुन्हा परदेशची ऑर्डर मिळाली. अंगणात पोती भरून ठेवली होती आणि तो मशीनला दोरा लावत होता. अनुसयाबाई ओटीत ज्वारी घेऊन आल्या.

"शिवणं तर तुला चालत न्हाई. एवढं तरी करते," म्हणत त्यांनी मूठ पोत्यावर नेली. प्रेमदासने झटकन त्यांचे मनगट धरले. ज्वारी अंगणभर सांडली.

"याडी, याच मुठीपायी मागची हळद जहाजावर चढली न्हाई," तो म्हणाला, आणि मग बंदरावरचे सगळेच त्याने सांगून टाकले.

अनुसयाबाईंनी रिकामी मूठ उघडून आपली बोटे निरखली.

"मंग माझा हात बराबर होता?"

"व्हय."

"तवाच सांगायचं व्हतं, लेकरा. मला एकदाच शरम वाटली असती. तू न सांगून रोज वाटायला लावलीस."

त्या खाली बसून ज्वारी वेचू लागल्या. प्रेमदासही वेचू लागला, पण आईकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. माझीही झाली नाही.

मित्रांनो, व्यापारात कोणाचा भार कुठवर, हे लोक आधी बोलून घेतात. घरात मात्र आपण तेवढेही बोलत नाही. घरच्या माणसाची चूक झाली, तर त्याच्या शेजारी बसून त्याला सांगा. माझ्यासारखे जुने अवजार न सांगता बाजूला ठेवले, तर ते नुसते गंजते. माणूस मात्र आपले काय चुकले ते शोधत बसतो.