गुरुवारची काडतुसं

एक गुरुवार सोडून एक, दुपारची जेवणं आटोपली की ल्यूमिर सेडलाक आपल्याच घराच्या मागच्या दाराशी जायचा आणि घंटा वाजवून उभा राहायचा. घर त्यानं स्वतः बांधलेलं, दाराची चौकटसुद्धा त्याच्याच हातची. पण आता ते आर्डिथचं होतं. घटस्फोटात घर तिच्याकडे गेलं, पिकअप गाडी आणि होडी त्याच्याकडे आली. बंदुका ज्याच्या त्याला. वाटणी राहिली ती फक्त तळघरातल्या यंत्राची.

काडतुसं भरायचं यंत्र होतं ते. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी त्यात उभी करायची आणि दांडा ओढायचा, की बुडाची जळलेली, ठिणगी पाडणारी टोपी निघून नवी बसायची. मग दारू, मग प्लास्टिकची वाटी, मग शिशाचे छर्रे, आणि शेवटी तोंड दुमडून बंद. यंत्र ज्या टेबलाला जखडलं होतं ते टेबल भिंतीतच बसवलेलं. ल्यूमिरनं गावात जुन्या दूध डेअरीच्या वर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, आणि तिथला मालक बंदुकीच्या दारूचं नाव काढलं तरी अंगावर यायचा. तेव्हा दोघांनी ठरवून टाकलं, यंत्र तिथंच राहू दे. ल्यूमिरनं येऊन भरावीत, अर्धी त्याची, अर्धी तिची, खर्चही निम्मा निम्मा. दोघंही दर रविवारी क्लबात हवेत सोडलेल्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायला जायचे. दर रविवारी विकतची काडतुसं उडवायची म्हणजे काय चेष्टा आहे?

निदान असं ती दोघं एकमेकांना सांगायची.

तळघरात दांडा ओढता ओढता ल्यूमिर वरच्या स्वयंपाकघरातली पावलं ऐकायचा. ओट्यापासून खिडकीपर्यंत भरभर गेली की ती कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भट्टीत घालतेय. एकाच जागी बराच वेळ थांबली की कणकेचे गोळे वळतेय. मग पावलं जिन्यावर यायची आणि त्याचा हात आपोआप मंद व्हायचा. आर्डिथ कॉफीचे दोन कप घेऊन उतरायची, पालथ्या बादलीवर बसायची आणि रिकाम्या पुंगळ्या निवडायला घ्यायची. तडकलेल्या एकीकडे, धड दुसरीकडे. बोलणं असायचं ते कुणाच्या शेतात मका आडवा झाला, चर्चच्या गायनात कोण बेसूर गातं, असलं. तेवढ्या तासाभरावर ल्यूमिरचे पुढचे चौदा दिवस निघायचे.

भांडण असं त्यांच्यात कधी झालंच नव्हतं. पेन्शन सुरू झाल्यावर ल्यूमिरला हिवाळ्यात ॲरिझोनाला जायचं होतं, गुडघ्यांना ऊन मिळेल म्हणून. आर्डिथला घर, कोंबड्या आणि गायनाचा गट सोडून नेब्रास्काबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. तो एकटाच गेला. ही मागनं येईल असं त्याला वाटत राहिलं. हा परत येईल असं तिला. असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या वर्षी तो वसंतात परतला तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वकिलाचे कागद होते. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सही केली.

सगळं बिघडलं ते डेलमारच्या तोंडामुळं. डेलमार म्हणजे क्लबचा कारभारी. काडतुसं, शिसं, दारू सगळं तोच विकायचा, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहिली असं कधी झालं नव्हतं. एका रविवारी नेमबाजी आटोपून मंडळी शेकोटीभोवती जमली होती. डेलमारनं विकतच्या काडतुसांची थप्पी आणून ठेवली.

"घ्या, गोदामात माल उरलाय म्हणून कंपनीनं स्वस्तात फुंकलाय," तो म्हणाला. "पण आपला ल्यूमिर घेणार नाही. ल्यूमिर श्रीमंत माणूस. घरी भरतो."

"घरी भरतो तो पैसे वाचवायला," आर्डिथ म्हणाली.

"वाचवायला? अगं, शिशाचा भाव कुठल्या कुठं गेलाय! गेल्या महिन्यात यानं माझ्याकडून पिशवी नेली ती…" आणि डेलमारनं आकडा सांगितला.

ल्यूमिरनं आर्डिथला सांगितलेला आकडा त्याच्या निम्माही नव्हता.

"काय रे ल्यूमिर, लेका, खोटं बोलतोय का मी?"

"चहाड्या करायचं काही मिळतं का रे तुला?" ल्यूमिर पुटपुटला. कुणीतरी हसलं. आर्डिथ हसली नाही. तिनं हातमोजे घातले, बंदूक पेटीत ठेवली आणि निघून गेली.

पुढच्या गुरुवारी तळघराचं दार लोटलेलं होतं आणि कॉफी स्वयंपाकघरातच मांडली होती.

"बस," ती म्हणाली. तो बसला. "कधीपासून चाललंय हे?"

"शिसं महागलं तेव्हापासून."

"म्हणजे दोनेक वर्षं. वरचे पैसे तू पदरचे घालत होतास."

"फार काही नव्हते गं."

"का पण?"

उत्तर त्याला पाठ होतं. गाडीतून येताना कितीदा तरी म्हणून झालेलं. पण तोंडात आलं ते भलतंच. "हात बसलाय माझा. विकतच्यात ती मजा नाही."

आर्डिथनं आपला कप बाजूला सारला. "ॲरिझोनातून तू दर आठवड्याला फोन करायचास. आठवतं, काय सांगायचास? ऊन किती पडलंय ते. दोन हिवाळे मी तिथलं ऊन ऐकलं, ल्यूमिर. दर वेळी वाटायचं, आज म्हणेल, ये. नाहीतर म्हणेल, मी येतो. कुठलंही चाललं असतं मला."

ल्यूमिरनं कपाचा कान धरला, सोडला, परत धरला.

"मी डेलमारकडून विकतची घेतली आहेत," ती म्हणाली. "आता कशाला उगीच तुला हेलपाटा."

तो उठला. कॉफी तशीच राहिली.

गुरुवार मग फार लांबायला लागला. कधी तो गाडी काढून नदीपर्यंत जायचा आणि परत यायचा. कधी हॉटेलात बदक आणि आंबट कोबी मागवायचा आणि निम्मं टाकायचा. जेवण वाढणाऱ्या पोरीनं एकदा विचारलंदेखील, "बरं नाही का आजोबा?" "बदक कडक झालंय," तो म्हणाला. बदक चांगलं मऊ होतं. खोलीवर आलं की खालच्या डेअरीतली पावलं ऐकू यायची; पण ती कुणाचीही होती.

रविवारी आर्डिथ क्लबात दिसायची. लवकरच त्याच्या ध्यानात आलं, की बार काढल्यावर ती तोंड वाकडं करते. तिच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं. ल्यूमिर तिची काडतुसं भरताना दारू आणि छर्रे मुद्दाम कमी धरायचा, बंदुकीचा धक्का हलका बसावा म्हणून, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून तिच्या पेटीवर निळी रेघ ओढून ठेवायचा. तिला कधी बोलला नव्हता. विकतची काडतुसं ठोसा मारल्यासारखी लागत होती तिला. जाऊन सांगावं, असं त्याला दर रविवारी वाटायचं. पण सांगायला गेलं तर परत त्या दारात शिरायची वाट शोधतोय असं दिसेल, म्हणून तो गप्प बसायचा. नाताळानंतर ती क्लबात यायचीच थांबली. ओमाहाच्या डॉक्टरनं खांदा कापून शिवला, असं डेलमारकडून कळलं. ल्यूमिरनं फुलं पाठवली. चिठ्ठीवर नाव सोडून काहीच लिहिलं नाही.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा तिचा फोन आला.

"मी अठ्ठावीस बोअरची बंदूक घेतलीय. छोटी. डॉक्टर म्हणतो, बारा बोअर विसरा."

"चांगलं केलंस."

"त्याची विकतची काडतुसं सोन्याच्या भावानं आहेत. घरी भरली तर वाचतात का पैसे?"

"वाचतात. छर्रे थोडे लागतात, दारू थोडी लागते. त्यात खरंच वाचतात."

"खरंच?"

"डेलमारला विचार."

"विचारलं."

"मग मला कशाला विचारतेस?"

"गुरुवारी ये," ती म्हणाली. "भरून द्यायला नको. शिकवायला ये. माझं मला येऊ दे."

त्या गुरुवारी गाडी चालवताना ल्यूमिरच्या मनात काय काय येऊन गेलं. आज फक्त टोप्या शिकवू. पुढच्या खेपेला दारू. यंत्राचे साचे बदलायचे, तेही सावकाश. नीट पुरवलं तर वर्ष निघेल. ठरवूनच तो जिना उतरला.

खाली तिनं टेबल घासून ठेवलं होतं, वर नवा दिवा टांगला होता, आणि चष्मा लावून, बाह्या सरसावून ती उभी होती. दुखरा हात अजून पोटाशी धरलेला. त्याला पाहताच म्हणाली, "चला मास्तर, सगळं सांगा. राखून काही ठेवू नका."

त्यानं राखून काही ठेवलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यानं तिला सगळं दिलं. कुठली पुंगळी टाकायची, दारूचा डबा कुठं ठेवायचा, दांडा अडला तर जोर न करता तो मागं का घ्यायचा, वजनाचा काटा अधूनमधून का तपासायचा. ती डाव्या हातानं दांडा ओढत होती. पहिलं काडतूस निघालं त्याचं तोंड फाकलेलं.

"हे तर डेलमारसारखं दिसतंय," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. किती दिवसांनी त्या तळघरात कुणी हसलं होतं. दहाव्या-बाराव्या काडतुसाला तिची घडी इतकी सुरेख बसली, की काही खोट सापडते का म्हणून ल्यूमिरनं ते काडतूस दोनदा फिरवून पाहिलं. मग तो म्हणाला, "झालं. तुला आलं. माझं काम संपलं."

"शेवटचं एक विचारू? माझ्या जुन्या काडतुसांवर निळी रेघ कसली असायची? माळ्यावर एक पेटी सापडली."

"खांद्यासाठी. हलकी भरायचो तुझी."

हातातलं काडतूस तिनं डब्यात ठेवलं, डबा बंद केला, आणि त्याला पोचवायला दारापर्यंत आली. कोट घालून झाल्यावरही ल्यूमिर तिथंच घुटमळला.

"आर्डिथ. तिथं ऊन खूप होतं. पण मला करमत नव्हतं. एक दिवस करमलं नाही."

तिनं दाराची कड धरली. डोळे भरून आले होते. तिनं ते पुसायची घाई केली नाही.

"हे तेव्हा म्हणाला असतास तर मी कोंबड्या विकून आले असते."

"आता?"

"आता मला एकटीची सवय झालीय रे. वाईट वाटून घेऊ नकोस. लागायला फार दिवस लागले त्या सवयीला. आता मोडवत नाही."

"नको मोडूस," तो म्हणाला. तो पायऱ्या उतरून गाडीत बसेपर्यंत ती दारात उभी होती.

पाऊस-चिखलाचे दिवस सरले, आणि आर्डिथ पुन्हा क्लबात यायला लागली. एका रविवारी डेलमारनं पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडल्या त्यात दोघांची नावं लागोपाठ आली. उभं राहून नेम धरायला ओळीनं पाच फरश्या होत्या; ल्यूमिर दुसऱ्या फरशीवर, आर्डिथ तिसऱ्या. आधी त्याचा बार, मग तिचा. तबकडी सुटायची, छोट्या बंदुकीचा कोरडा आवाज व्हायचा, आणि हवेत काळी धूळ उडायची. बंदूक मधून उघडून ती रिकामी पुंगळी तळहातात झेलायची आणि खिशात टाकायची. खांदा जराही हलत नव्हता. ल्यूमिर ते बघत राहायचा आणि आपली पाळी आली की दचकायचा.

"लक्ष कुठंय?" ती समोर बघतच म्हणाली.

"इथंच आहे."

पाच पाच बार झाले आणि डेलमार मागून ओरडला, "सरका!" आर्डिथ चौथ्या फरशीवर गेली. ल्यूमिर तिसरीवर आला. तिच्या बुटांचे ओले ठसे सिमेंटवर अजून तसेच होते. ते पुसले जाऊ नयेत म्हणून जरा बाजूला पाय ठेवून तो उभा राहिला, आणि त्यानं बंदूक खांद्याला लावली.