चौथी चिठ्ठी

"बाबा, पुन्हा चुकलं!" मांडीवरच्या तान्ह्या गुंडीच्या मुठीतून ओली चिठ्ठी सोडवत ती म्हणाली.

टेबलावर परीक्षेच्या पुस्तकातल्या चौतीस कामांच्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग. जोखीम, पुरवठादार, मनुष्यबळ अशी कुठल्याही कंपनीला लागणारी कामं 'सर्वसाधारण'मध्ये. बिघाड निस्तरणं, लोकांच्या मागण्या पुरवणं 'सेवा'मध्ये. 'तांत्रिक'मध्ये फक्त तीन. तिथे बाबांनी चौथी ठेवली होती, तीच गुंडीनं पळवलेली: हेल्पडेस्कची, म्हणजे तक्रारींचे फोन घेण्याची. सकाळपासून पाचव्यांदा.

"पुस्तकच चुकलंय. बावीस वर्षं हेल्पडेस्कवर बसतोय, खिशात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मी तांत्रिक नाही, मग काय पाहुण्यांना पाणी देतो?"

"उद्या ऑफिसच्या परीक्षेत पुस्तकातलंच उत्तर लागणार. नापास झालात तर गोदामात बसवतील, तुम्हीच म्हणालात ना?"

"बसवू देत. खोकी निदान उलट बोलत नाहीत." पण आवाज पडला होता.

बाळ झाल्यापासून तिच्या जिवाला घोर लावायला काहीही पुरायचं. गुंडी शिंकली तरी ही थर्मामीटर शोधायची. आता त्यात गोदामाची भर. बाबांच्या पडलेल्या खांद्यांकडे बघता बघता तिला काहीतरी आठवलं.

"गेल्या महिन्यात गुंडी दुपारभर रडत होती, तेव्हा मी तुम्हाला ऑफिसात फोन केला होता. आठवतंय?"

"फोन कसला, भोंगा! तिच्यापेक्षा तूच मोठ्यानं रडत होतीस."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? कधीपासून रडतेय, ताप आहे का, दूध प्यायली का, विचारलं. डॉक्टरांची वेळ घेतली. तू शांत होईपर्यंत फोन धरून बसलो. साहेब डोळे वटारत होते, ते वेगळंच."

"स्क्रू-ड्रायव्हर काढलात?"

बाबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"संध्याकाळी परत फोन केलात, आता कशी आहे म्हणून."

"ते मी सगळ्यांनाच विचारतो," बाबा जरा रागानंच म्हणाले. "तक्रार मिटली असं लिहायच्या आधी माणसाला विचारायला नको?"

गुंडीच्या लाळेनं भिजलेली चिठ्ठी त्यांनी उचलली, अंगठ्यानं सरळ केली आणि 'सेवा'च्या ढिगावर सगळ्यांत वर ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं ती फडफडायला लागली.

बाबांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हलकेच चिठ्ठीवर ठेवला.