शेपटीवरचा रंग

आक्काचा धाकटा भाऊ पन्नाशीला टेकला तरी घरीदारी सगळे त्याला टिल्लूच म्हणायचे. लहानपणी तो अंगाने एवढासा होता आणि मोठेपणीही त्यात फारसा फरक पडला नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत दोरांच्या आधाराने काम करायचं आणि संध्याकाळी कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी यायचं, असं त्याचं आयुष्य. आक्का गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवणाऱ्या दुकानात कामाला होती. तिचा नवरा लवकर गेला, टिल्लूचं लग्न जमता जमता राहिलं, आणि दोघं आईवडिलांच्या दोन खोल्यांत एकत्र राहू लागली. रोज भांडत, एकमेकांना टोमणे मारत, पण एकत्र.

विमानाचं खूळ टिल्लूच्या डोक्यात शाळेपासूनचं. गावाबाहेर एक छोटं उड्डाणाचं मैदान होतं. तिथे एक म्हातारे शिक्षक हौशी लोकांना उडायला शिकवायचे, त्यांना सगळे कप्तान म्हणत. टिल्लू त्यांच्याकडे शिकला, परवाना मिळवला आणि एक दिवस घरी बनवायच्या विमानाचा किट मागवून मोकळा झाला. मोठमोठी खोकी मैदानावरच्या शेडमध्ये येऊन पडली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पंखांच्या फासळ्या, पिशव्या भरून नटबोल्ट आणि कापडाचा मोठा रोल.

"हे कापड कशाला?" आक्काने विचारलं.

"विमानाला घालायचं."

"विमान कापडाचं असतं?"

"आपलं असतं. सांगाड्यावर चिकटवायचं आणि इस्त्री फिरवायची, म्हणजे ते आवळून ढोलासारखं ताठ होतं."

"मग तुझ्या हाती इस्त्री नको," आक्का म्हणाली. "शर्टाची कॉलर तुला आजवर धड करता आलेली नाही."

अशी ती त्या कामात शिरली, आणि शिरली ती शिरलीच. सुट्टीचे सगळे दिवस दोघांचे शेडमध्ये जायला लागले. तो खिळेमोळे, केबली, इंजिन बघायचा, ती कापड. पंखांवर एक सुरकुती म्हणून तिने राहू दिली नाही. कप्तान यायचे, पंखावर बोटाने टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. आक्काला कळायचं की ते खूष आहेत.

सगळं जोडून झाल्यावर तोल काढायचा दिवस आला. कप्तानांनी लॉरी तपासणाऱ्या कारखान्यातून तीन वजनकाटे उसने आणले होते. दोन पुढच्या चाकांखाली ठेवले आणि तिसरा शेपटीखाली, उंच स्टुलावर, म्हणजे विमान हवेत असतं तसं सपाट उभं राहील. तिन्ही आकडे घेऊन कप्तानांनी कागदावर हिशेब केला. विमानाचा भार नेमका कुठे एकवटतो ते त्यातून निघतं. तो भार ठरलेल्या दोन रेघांच्या आत हवा. पुढे सरकला तर नाक जड होतं, मागे सरकला तर त्याहून वाईट.

"आत आहे," कप्तान म्हणाले. "पण मागच्या रेघेला अगदी चिकटून. टिल्लू, शेपटीत आता एक किलोसुद्धा वाढता कामा नये. इतक्या लांबवरचा एक किलो पुढच्या पाच किलोंना भारी पडतो. रंग पातळ मारा. आणि रंगानंतर पुन्हा वजन. त्याशिवाय चाक हलवायचं नाही."

रंगाचं काम आक्काने घेतलं. पंख झकास झाले. शेपटीवर मात्र पहिल्याच दिवशी रंगाचे ओघळ आले आणि कापडाच्या पट्ट्यांच्या कडा उठून दिसायला लागल्या. ते तिला बघवेना. तिने पट्ट्यांवर लांबीची पुट्टी भरली, घासली, वर रंगाचा हात दिला. पुन्हा कुठे डाग दिसला, पुन्हा हात दिला. शेवटी शेपूट आरशासारखी झाली. टिल्लू त्या शेपटीपुढे कितीतरी वेळ उभा होता.

"आक्का, काय झालीय गं," एवढंच म्हणाला.

त्याच सुमारास टिल्लूची साखर वाढली. तो वाळत चालला होता, रात्री चार वेळा उठायचा. परवाना टिकवायचा तर डॉक्टरची तपासणी दरवर्षी लागायची, आणि ती पुढच्याच आठवड्यात होती. घरात या विषयावर बोलायचं नाही असं जणू ठरलंच होतं. कप्तानांना त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं.

वजनकाटे परत कारखान्यात गेले होते, ते टिल्लूच्या डॉक्टरी तपासणीनंतरच मिळणार होते. कप्तान लेकीकडे गेले होते. त्या सकाळी टिल्लू म्हणाला, "नुसतं इंजिन फिरवून बघू. चल." आक्काने थर्मासमध्ये चहा भरला आणि निघाली.

शेडचं दार उघडून त्याने विमान बाहेर काढायला घेतलं. ते वळवायचं तर शेपूट हाताने उचलून फिरवावी लागते. त्याने ती उचलली आणि मध्येच थांबला. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"काय झालं?"

"काही नाही. कंबर," तो म्हणाला.

इंजिन सुरू झालं. आक्का शेडच्या सावलीत उभी राहून बघत होती. विमान मैदानाच्या टोकापर्यंत गेलं, वळलं आणि थांबलं. मग आवाज चढला. तिला वाटलं, हाही इंजिन बघण्याचाच भाग असेल. विमान धावायला लागलं तेव्हा तिला कळलं, आणि तिने उगाचच हात वर केला.

ते फार लवकर उठलं. चाकं सुटली आणि नाक वर गेलं ते जातच राहिलं. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं, पण विमान पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी उभं राहिल्यासारखं दिसलं. मग एक पंख खाली झुकला. कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या शेतात ते पडलं. आवाज तिला वाटला होता तेवढा मोठा झाला नाही.

टिल्लू वाचला. पाठीचा कणा तुटला होता. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा छातीखाली त्याला काहीही कळत नव्हतं. बाहेरच्या खोलीत खाट टाकली, लघवीची नळी आणि पिशवी आली. ठरलेल्या वेळी त्याला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे आक्का परिचारिकेकडून शिकली. दुकानात ती अर्धा दिवस जायला लागली.

विमानखात्याची चौकशी सुरू झाली. कप्तानांचं मैदान बंद करून फाटकाला कुलूप लावलं. वजन न तपासलेलं विमान म्हाताऱ्याने उडवू दिलं, असं लोक बोलायला लागले. टिल्लूने चौकशीवाल्यांना एवढंच सांगितलं होतं की आपल्याला काही आठवत नाही. तरीही कप्तान दर रविवारी यायचे. येताना फळं आणायचे, टिल्लूला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे आणि त्याची दाढी करून द्यायचे. मैदानाचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आक्काच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली होती. एकदा दाराशी तिने कप्तानांना थांबवलं.

"शेपटीचा रंग जास्त झाला होता का हो?"

"त्यात पडू नका," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्यांनी "नाही" म्हटलं नव्हतं. चौकशीवाल्यांनी बघून झाल्यावर मोडकंतोडकं विमान शेडच्या मागे आणून टाकलं होतं. आक्का कुंपणातून वाकून तिथे गेली. शेपटीचं फाटलेलं कापड लोंबत होतं, अजून चकाकत होतं. तिने कात्रीने त्याचा तळहाताएवढा तुकडा कापला. घरी उरलेल्या कोऱ्या कापडाचा तेवढाच तुकडा कापला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिले. रंगवलेला तुकडा कोऱ्याच्या सहापट भरला. शेपटीचं क्षेत्रफळ तिला पाठ होतं, कापड तिनेच बेतलं होतं. गुणाकार तिने पुन्हा एकदा करून पाहिला. एक किलोसुद्धा नको म्हणाले होते. तिने तीन वाढवले होते.

पुढचे कित्येक दिवस ती जेवली काय, झोपली काय, तिचं तिलाच कळलं नाही. दुकानात मशीनवर सुई बोटातून गेली. शेवटी एका दुपारी टिल्लूला कुशीवर वळवता वळवता तिच्या तोंडून निघून गेलं.

"टिल्लू, तुला मी पाडलं."

"काय?"

तिने सगळं सांगितलं. लांबी, हातावर हात, काट्यावरचे तुकडे. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"तू नाही पाडलंस," तो मग म्हणाला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शेपूट जड झालीय ते. उचलली ना, तेव्हाच कळलं. कितीदा उचललीय मी ती, आक्का. हाताला कळतं."

"तू कंबर म्हणालास."

"हो."

"आणि तरी गेलास?"

"वाटलं, एक फेरी. स्टिक पुढे दाबून नाक खाली धरीन, जमेल. आठवड्याने तो डॉक्टर मला कायमचा खाली बसवणार होता. एवढी वर्षं खपून ते विमान काय दुसऱ्याने उडवलेलं बघायचं?"

आक्का खाटेच्या कडेवर बसली. आधी तिला हलकं वाटलं. ते पुरतं वाटायच्या आतच आतून राग उसळला.

"मग मी इतके दिवस जीव जाळतेय ते?"

"तू जाळतेयस हे मला कुठे माहीत होतं?"

"आणि कप्तान? त्यांच्या मैदानाला कुलूप आहे. लोक त्यांच्या तोंडावर बोलतात. तुला काही आठवत नाही म्हणालास तू!"

त्याने तोंड उशीत आणखी खुपसलं.

"बोल ना! कधी सांगणार होतास?"

"सांगितलं की ते यायचे बंद होतील," टिल्लू भिंतीला म्हणाला. "दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

आक्का उठून बाहेर गेली. रस्त्याने चालत राहिली, कुठे जातेय ते न बघता. त्याला वळवायची वेळ झाली तेव्हा मात्र परत फिरली. त्याला वळवलं, पिशवी बदलली आणि म्हणाली, "रविवारी सांगायचंस. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलेलं तुला आवडणार नाही."

रविवारी कप्तान आले. दाढी करायला बसले. अर्ध्या गालाला साबण तसाच असताना टिल्लूने सांगायला सुरुवात केली. अडखळत, पण काही न लपवता. साखरेचंही सांगितलं. कप्तानांचा हात थांबला. मग त्यांनी उरलेली दाढी पूर्ण केली, नेहमीच्याच निगुतीने, हनुवटीखालचे केससुद्धा. टॉवेलने त्याचं तोंड पुसलं. वस्तरा धुतला.

"त्या शेतात त्या दिवशी नांगर नव्हता," ते म्हणाले. "आदल्या दिवशी होता. नवरा-बायको दोघं होती. ते माहीत आहे तुला?"

"नाही."

"मी जाऊन विचारून आलो होतो."

आक्काने चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. जाताना तिच्याकडे बघून मान हलवली, टिल्लूकडे पाहिलं नाही.

पुढे चौकशीचे अधिकारी घरी आले, टिल्लूने तेच सगळं त्यांनाही सांगितलं. थोड्या दिवसांनी मैदानाचं कुलूप निघालं. कप्तान परत शिकवायला लागले असं आक्काला दुकानात कुणीतरी सांगितलं. पुढच्या रविवारी टिल्लूने सकाळपासून केस विंचरून घेतले आणि दाराकडे बघत पडून राहिला. त्याच्या पुढच्या रविवारीही. नंतर त्याने वार विचारणं सोडलं.

आक्काचा राग गेला नाही. राग घेऊनच ती उठायची, त्याला पुसायची, भरवायची, चादर ओढून ताठ करायची. कामापुरतं बोलायची. कधी वाटायचं, एवढं झालं तरी निदान त्याने रडावं, काहीतरी मागावं. तो काहीच मागायचा नाही. छताकडे बघत राहायचा आणि ती जवळ आली की डोळे मिटून घ्यायचा.

एका सकाळी ती चप्पल घालून निघाली असताना त्याने हाक मारली.

"आक्का, दुकानात काय चाललंय सध्या?"

ती उंबऱ्यातच थांबली. उशीर होत होता. उत्तर द्यायचं नाही असं तिने जवळजवळ ठरवलं होतं.

"शाळेच्या बसच्या सीटा आल्यात," ती म्हणाली. "पोरांनी ब्लेडने फाडून ठेवल्यात नुसत्या. आतला स्पंज उपसून खाल्लाय की काय कोण जाणे."

"कुठला रंग?"

"निळा. घाणेरडा निळा."

"जाड कापड?"

"जाड. सुई मोडते." तिने चप्पल काढली, आत येऊन त्याच्या डोक्याखालची उशी सरळ केली आणि पुन्हा दाराकडे गेली. "संध्याकाळी सांगते. आता जाऊ दे."