राहिलेली अक्षत

रुपरावानं आडव्या लोखंडी बाराखालून आधी सायकल सरकवली, मग तो स्वतः वाकला, आणि वाकता वाकता त्याचा हात झटकन टी-शर्टाच्या पाठीवरच्या खिशाकडे गेला. आतलं जागच्या जागी होतं. देवाजी पलीकडे उभा राहून हे सगळं पाहत होता.

“काय गा रुपराव, आज सोनंगिनं घेऊन निघाला काय?”

“काही नाही. चाल.”

या लोखंडी बारच्या पुढे नहराचा रस्ता लागतो. पुस्तकात त्याला कालवा म्हणतात, इथं नहर. सरकारी जीप फिरावी म्हणून कधीकाळी डांबर टाकलं, नंतर ट्रॅक्टर घुसायला लागले म्हणून बार बसवला, आणि आता जीपही येत नाही. सायकलवाल्यांची मात्र चैन झाली. डाव्या हाताला काठोकाठ पाणी, उजव्या हाताला तूर, हरभरा, धान निघालेल्या बांध्यांमध्ये पसरलेली लाखोरी, आणि या सगळ्याच्या टोकाला कन्हान नदीच्या काठची झाडं. चढ नाही, उतार नाही. पाणी जेवढं उतरतं तेवढाच माणूस उतरतो, म्हणजे पायांना कळतही नाही. देवाजीनं उभा जन्म एसटीची बस हाकली होती. मागून कोणी हॉर्न मारत नाही आणि आपल्यालाही मारावा लागत नाही, हाच त्याच्या मते निवृत्तीचा खरा लाभ होता.

थोडं पुढे हरभऱ्याच्या शेतात मोठाल्या काळ्या दगडांचं एक वर्तुळ आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं पुरली आणि भोवती दगड मांडले, असं शिकलेले सांगतात. शेतकरी काही सांगत नाहीत, ते नुसते वळसा घालून नांगरतात. देवाजी दर रविवारी तिथं सायकल हळू करायचा आणि “जय भीम, बुढेहो!” म्हणून हाळी द्यायचा. मागून रुपराव हळूच “राम राम” म्हणायचा. दोन्ही पोचत असावेत.

आज रुपराव पुढे होता, आणि तो काहीच म्हणाला नाही. दगड आले कधी आणि गेले कधी, त्याला पत्ता नव्हता.

“रुपराव,” देवाजी मागून ओरडला, “तुह्या पाठीवर पिवळं पिवळं काय फुटून राहिलं?”

रुपरावानं ब्रेक दाबले. खिशावर हात फिरवून पाहिला तर बोटं हळदीनं पिवळी झाली. बायकोनं, पंचफुलानं, सकाळीच अक्षता कालवून पुडीत बांधून दिल्या होत्या. त्या वाळायच्या आधीच घामाशी गाठ पडली. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सायकलला टेकून त्यानं देवाजीला सांगून टाकलं.

गोष्ट त्याच्या मुलाच्या, स्वानंदच्या लग्नाची. लग्नाला दोन वर्षं झाली. त्या वेळी रुपरावानं मोटारसायकलवर बसून नात्यातल्या लांबच्या लांब माणसांच्या घरी जाऊन अक्षत दिली. ज्यांचं तोंड वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं त्यांच्याही उंबऱ्यावर चहा घेतला. आणि सख्ख्या थोरल्या बहिणीला, गोपिकाताईला, पत्रिका मोबाईलवर पाठवली. घरचंच माणूस, तिला काय बोलवायचं, असा त्याचा हिशेब. ताईचा हिशेब निराळा होता. परक्याच्या दारी पाय झिजवले आणि माझ्या दारी बोट? ती लग्नाला आली नाही. आत्याविना लग्न लागलं म्हणून मग रुपराव रुसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? बोलणंच बंद पडलं.

“तिचं गाव कोनतं?” देवाजीनं विचारलं.

“हेच. पिंपळडोह. समोरची पुलिया आली की खाली उतरते रस्ता.”

देवाजीनं नहरावरच्या त्या लहान पुलाकडे पाहिलं, मग रुपरावाकडे. वर्षभर दर रविवारी हे दोघं याच पुलियावरून जात होते. या रस्त्यावर गाड्या नाहीत म्हणून आपण इकडे येतो, अशी देवाजीची आजवर समजूत होती.

“कधी बोलला नाही बाप्पा तू.”

“काय बोलू? हेल्मेट अन् काळा चष्मा घालून जातो, तिले कायले कळते.”

“अन् आज काहून अक्षत?”

आजचं कारण छोटं होतं आणि पाळण्यात होतं. स्वानंदला मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि स्वानंदला बहीण नाही. घरात आत्या म्हणावी अशी एकच, तीच जी बोलत नाही. पंचफुलानं निक्षून सांगितलं होतं, ताई आल्या नाहीत तर मी पोरीला पाळण्यात घालणारच नाही. तुम्ही जा आणि बोलावून आणा. आणि हो, बारशाचं बोलावणं नंतर. आधी लग्नाचं राहिलंय ते द्या. एक दिल्याशिवाय दुसरं देता येत नाही. मागल्या रविवारीही अशीच एक पुडी खिशात होती. रुपराव पुलियापर्यंत आला, आणि पायडल मारत पुढे निघून गेला होता.

“म्हणजे होऊन गेलेल्या लग्नाची अक्षत?” देवाजी म्हणाला.

“हो.”

देवाजी हसेल असं रुपरावाला वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं रुपरावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गळ्यातला दुपट्टा काढून पुढे केला.

“हे गुंडाळ कमरेले. ह्या चड्डीवर अक्षत द्याले जाशीन तं अजून दोन वर्षं बोलनार नाही ते.”

सायकलची ती चड्डी स्वानंदनंच आणलेली, मांड्यांना चिकटून बसणारी. रुपरावानं दुपट्टा लुंगीसारखा गुंडाळला. देवाजी पुलियाच्या कठड्यावर बसला आणि नहरात खडे टाकू लागला. “मी हाय इथंच,” तो म्हणाला. “वापस आला तरी काही म्हनत नाही.”

उतारावर रुपराव सायकल हातात धरून चालला. उभ्या आयुष्यात विजेच्या खांबांवर चढताना तो कधी अडखळला नव्हता. आज दोनदा थांबून त्यानं उगाच सायकलची चेन तपासली, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. ताई आवडायची त्याला. लहानपणी आई शेतात असायची. भूक लागली की तो ताईकडेच जायचा. हे इतकं सरळ होतं, आणि दोन वर्षं ते कोणाला सांगता आलं नव्हतं.

गोपिकाताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. फाटकाचा आवाज झाला तशी तिनं मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा सुपात घातली.

“कोन हाय?”

“मी, ताई.”

“डोक्यावरचं टोपलं काढ पहिले. वळखू तं येऊ दे.”

रुपरावानं हेल्मेट काढून सायकलला अडकवलं. जवळ जाऊन पाया पडला. मग पाठीवरच्या खिशातून लग्नातली उरलेली, दुमडून हळद लागलेली पत्रिका काढली, पुडी सोडली आणि पिवळ्या अक्षता तिच्या तळहातावर ठेवल्या. बोलायचं वाक्य रस्ताभर पाठ केलं होतं. ते तोंडात आलं तेव्हा त्याचं त्यालाच कसंतरी झालं, तरी त्यानं म्हटलं.

“स्वानंदचं लग्न हाय. सगळ्यांनी याचं.”

ताईनं चष्मा लावला. पत्रिका लांब धरून सावकाश वाचली, आजोबा-पणजोबांच्या नावांपासून खालच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या आग्रहापर्यंत सगळी.

“हे तं होऊन गेलं.”

“हो.”

“दोन वर्सं झाले.”

“हो ताई.”

ताईनं पत्रिका मांडीवर ठेवली. मागच्या शेतात मोटर चालू होती. रुपराव दुपट्ट्याची गाठ धरून उभा राहिला. परत पुलियावर जायचं, देवाजी काही म्हणणार नाही, आणि घरी पंचफुलाला काय सांगायचं ते वाटेत ठरवायचं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“मंग मी आली असन,” ताई म्हणाली.

“कुठी?”

“लग्नाले. भावानं घरी येऊन अक्षत देल्ली, पोरगा माह्या हातावर वाढला, अन् मी जाणार नाही? आलीच असन ना.” तिनं अक्षता पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. “बस. उभा काहून हायस पावन्यासारखा?”

रुपराव ओसरीच्या कडेला बसला.

“हॉल मोठा केला होता तुम्ही,” ताई शेंगा सोलत म्हणाली. “पन एसी बंद पडला अंतरपाट धरल्या धरल्या. पंचफुला नवऱ्या मुलाची माय, अन् ते पदरानं वारा घालून राहिली होती. मीच म्हटलं तिले, बाई, बस खाली.”

एसी खरंच बंद पडला होता. फोटो तर स्वानंदनं सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. पण बंद एसी फोटोत दिसत नाही.

“नवरीचा शालू चांगला होता. जिलबी कडक झाली होती.”

“झाली होती,” रुपराव म्हणाला.

“अन् मले कुठी बसवलं? पार मांग, चपलांच्या ढिगापाशी. पंख्याखाली कोन होतं? तुह्या साळ्याची बायको.” ताईचे हात थांबले. आवाज आता पहिल्यासारखा राहिला नव्हता. “सगळ्याईच्या पंगती उठल्या. सख्खी बहीन मी तुही. चाल ताई, जेवाले चाल, असं कोनी म्हटलं नाही मले. मी बसून बसून पाह्यलं, तू येशीन म्हनून. तू आलाच नाही.”

सुपातल्या दाण्यांवर एक थेंब पडला. तिनं तो दाण्यांतच कालवून टाकला.

“चुकलं ताई,” रुपराव म्हणाला. “माहं चुकलं. मी याले पायजे होतं.”

“मंग? नाही तं काय.”

पदरानं नाक पुसून ताईनं सूप बाजूला सरकवलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, त्याच्या हातात दिलं, आणि तो घटाघटा पीत असताना समोर नीट मांडी घालून बसली.

“बरं, ते झालं,” ती म्हणाली. “आता बारशाचं बोल.”

रुपरावाच्या हातातला तांब्या तोंडाशीच राहिला. बारशाचा ब सुद्धा त्यानं अजून काढला नव्हता. पंचफुलानं मात्र तो आधीच काढलेला दिसत होता.